बिल्ला रद्द झालेला नाही: ट्रकवरून बसवर जाणाऱ्यांसाठी

एकच मेसेज माझ्या फोनवर किती जणांनी पाठवला, त्याची मोजदाद नाही. मी सातारा जिल्ह्यात एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये हेवी गाड्या शिकवतो. त्यामुळे असलं काही फिरायला लागलं की ‘सर, हे खरं का?’ म्हणून आधी माझ्याकडेच येतं. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, आता लायसन्सवर ट्रान्सपोर्टची (व्यावसायिक गाडीची) नोंद नको आणि बॅजही, म्हणजे प्रवासी गाडी चालवायचा बिल्लाही नको. साध्या एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर, मिनीबस चालवा. ज्याच्याकडे ट्रकचं हेवी लायसन्स आहे तो थेट बसवर बसू शकतो. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनीला पैसे द्यावेच लागतील. अमेरिकेत एकच लायसन्स सगळ्या गाड्यांना चालतं, लूट फक्त आपल्याकडे. आणि शेवटी, आरटीओने अडवलं तर हा मेसेज दाखवा.

यात एक गोष्ट बरीचशी खरी आहे, एक अर्धी खरी आहे, बाकीच्या साफ चुकीच्या आहेत. माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराने या मेसेजवर विसंबून क्लास सोडला आणि वऱ्हाडाची गाडी न्यायला तयार झाला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘कोर्टाने ट्रान्सपोर्टची नोंद रद्द केली’

निकाल खरा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात तो दिला. भांडण जुनं होतं. छोटा टेम्पो चालवणाऱ्याकडे एलएमव्हीचं लायसन्स असायचं, त्यावर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नसायची. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, लायसन्स योग्य नव्हतं, भरपाई देणार नाही. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी चालकांच्या बाजूने कौल दिला. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा प्रश्न उपस्थित केला, आणि २०२४ मध्ये घटनापीठाने तो कौल कायम ठेवला. एलएमव्ही लायसन्सवाल्यांमुळे रस्ते जास्त धोक्याचे झाले, असं दाखवणारी आकडेवारी आपल्यापुढे आलेली नाही, हेही कोर्टाने नोंदवलं.

मी या निकालाचं मनापासून स्वागत केलं. छोटा हत्ती चालवून घर चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची टांगती तलवार त्याने काढली.

पण निकालात एक रेघ आहे आणि मेसेजने नेमकी तीच गाळली. ती रेघ म्हणजे ७,५०० किलो. त्याच्या आतली मालवाहू किंवा प्रवासी गाडी एलएमव्हीवर चालवता येते. त्याच्या वरच्या गाड्यांना, म्हणजे मध्यम आणि अवजड, माल असो की माणसं, ट्रान्सपोर्टच्या सगळ्या अटी पूर्वीसारख्याच लागू आहेत. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या खास अटीही कोर्टाने तशाच ठेवल्या.

‘एलएमव्हीवर मिनीबस चालवा’

‘मिनीबस’ हा कायद्यातल्या वजनाच्या हिशोबातला शब्दच नाही. बारा-सतरा सीटची ट्रॅव्हलर बहुधा साडेसात टनांच्या आत बसते, पण तीस-बत्तीस सीटची गाडी बाहेर जाऊ शकते. आणि लोक दोघांनाही मिनीबसच म्हणतात.

तो क्लास सोडलेला पोरगा गाडीच्या आरसीचा फोटो घेऊन आला होता. ‘सर, वजन बघा, पाच हजार दोनशे. साडेसातच्या आत आहे.’ मी फोटो मोठा करून पाहिला. आरसीवर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं भरलेल्या गाडीचं. तो रिकाम्याचं वाचत होता. त्याखालच्या ओळीत भरलेलं वजन होतं ८,७००. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत प्रवासी किंवा मालाच्या गाडीचं भरलेलं वजनच धरायचं असतं. रिकामं वजन धरायचं ते खासगी कार, ट्रॅक्टर आणि रोड रोलरसाठी. म्हणजे ज्या गाडीत तो चाळीस वऱ्हाडी बसवणार होता (सीट बत्तीस, ही आणखी वेगळी गोष्ट), तिच्यापुरतं त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं. त्याने मालकाला नाही म्हणून कळवलं. मालक चिडला, पण नंतर त्याने दुसरा चालक शोधला, बिल्लावाला.

‘ट्रकचं हेवी असेल तर थेट बस’

इथे जरा थांबून लिहितो, कारण हा दावा करणारी माणसं बहुतेक प्रामाणिक असतात. वर्षानुवर्षं दहा चाकी चालवलेला माणूस म्हणतो, माझ्या कार्डावर ट्रान्सपोर्ट आहे, मग बस का नाही?

त्याच्या म्हणण्याला आधार आहे. पूर्वी कायद्यात मध्यम माल, मध्यम प्रवासी, अवजड माल आणि अवजड प्रवासी असे वेगवेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही काढले आणि ‘ट्रान्सपोर्ट व्हेइकल’ हा एकच वर्ग ठेवला. त्यामुळे लायसन्सच्या वर्गापुरतं त्याचं बरोबर आहे. पण भाडं घेऊन माणसं नेणारी गाडी ही सार्वजनिक सेवा वाहन ठरते आणि ती चालवायला राज्याच्या नियमांखाली वेगळा अधिकार लागतो. तोच पीएसव्ही बॅज, आपल्या भाषेत बिल्ला. घटनापीठापुढचा प्रश्न लायसन्सच्या वर्गाचा होता, बिल्ल्याचा नव्हता. एसटीने २०१९ मध्ये चालक तथा वाहक पदाची भरती काढली तेव्हा अवजड वाहनाचा परवाना आणि पीएसव्ही बॅज ही दोन्ही कागदपत्रं मागितली होती. एक दुसऱ्यात धरलं नव्हतं.

हे झालं कागदाचं. कसबाचं त्याहून महत्त्वाचं आहे.

ट्रकवरून आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी रिकाम्या बसमध्ये बसवतो आणि मधल्या वाटेत वाळूची अर्धी भरलेली सहा पोती उभी करून ठेवतो, कशालाही न बांधता. मग म्हणतो, चला. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर अकरा वर्षं काढलेला एक गडी होता. गाडीवर हात असा बसलेला की बघत राहावं. पहिल्या थांब्याला त्याने नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि तीन पोती पुढे कोसळली. ट्रकमधला माल रश्शीने आवळलेला असतो, त्यामुळे हा ब्रेक तिथे चालून जातो. बसमध्ये ती पोती म्हणजे एका हाताने दांडा धरलेली, दुसऱ्या हातात पोर असलेली बाई असते.

पुढे गतिरोधक आला. पुढची पोती हललीसुद्धा नाहीत. मागच्या चाकांच्याही पलीकडे ठेवलेलं शेवटचं पोतं मात्र उडून आडवं झालं. शेवटच्या सीटवरून प्रवास केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. चालकाला मात्र ते जाणवत नाही, कारण तो बसच्या पार पुढच्या टोकाला बसलेला असतो. मणक्याला मार बसलेला म्हातारा माणूस मागे ओरडतो तेव्हा पुढे इंजिनचाच आवाज असतो.

तिसरी गोष्ट शेपटीची. बसचा मागचा भाग चाकांच्या मागे बराच लांब असतो. फलाटावरून निघताना स्टिअरिंग एकदम उजवीकडे कापलं की डावा मागचा कोपरा उलट डावीकडे झुलतो, म्हणजे नेमका फलाटावर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर. त्यात वाहकाची दोन वेळा बेल आली की निघायचं, हे नवा माणूस पटकन शिकतो. पण बेलनंतरही डावा आरसा बघायचा, पायरीवर कुणाचा एक पाय अजून आहे का ते पाहायचं, ही सवय लागायला वेळ लागतो. ट्रकवाल्याचा डोळा उजव्या आरशाला जडलेला असतो, कारण डावी बाजू बघायला क्लीनर असतो.

त्या गड्याची सहाही पोती आठव्या दिवशी उभी राहिली. त्याच्यासारख्या कसलेल्या माणसाला आठ दिवस लागले, म्हणून ‘थेट बस’ हा शब्द मला घाबरवतो.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. किमान सात जणांचा जीव गेला. लहान बसवरून मोठ्या बसवर येणाऱ्या चालकाला किती प्रशिक्षण मिळतं, हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला गेला. कारण काय होतं ते कोर्ट ठरवेल. पण एका बसवरून दुसऱ्या बसवर जातानाही हा प्रश्न पडत असेल, तर ट्रकवरून बसवर जाताना तो आपण आधीच विचारायला हवा.

आणि एक तक्रार माझीही आहे. बिल्ला देताना भर असतो तो पोलीस पडताळणीवर आणि वैद्यकीय दाखल्यावर. दोन्ही हवेतच. पण त्या माणसाला भरलेली बस हाताळता येते का, याला तेवढंच वजन नाही. बिल्ला काढून टाका म्हणणाऱ्यांनी खरं तर तो आणखी कडक करा म्हणायला हवं.

‘इन्शुरन्सला पैसे द्यावेच लागतील’

हे अर्धं सत्य, आणि मालकांना यातच जास्त फटका बसतो. २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालकाच्या लायसन्समध्ये खोट निघाली एवढ्यावरून जखमी माणसाला किंवा मृताच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यानुसार अनेक प्रकरणांत कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात. मेसेज इथेच थांबतो. पुढचा भाग असा, की मालकाने जाणूनबुजून किंवा हयगय करून चुकीच्या माणसाच्या हाती गाडी दिली हे सिद्ध झालं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ असंच त्याला म्हणतात. म्हणजे अपघातग्रस्ताला पैसे मिळतात, पण ते शेवटी मालकाच्या जमिनीतून, घरातून येतात. त्याच्या स्वतःच्या बसचं नुकसान कंपनी नाकारू शकते, ते वेगळंच.

शिवाय योग्य लायसन्स नसताना चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि चालवू देणाऱ्या मालकाला तेवढंच वेगळं. पण वसुलीच्या रकमेपुढे दंड काहीच नाही.

‘अमेरिकेत एकच लायसन्स’

उलट आहे. तिथे व्यावसायिक लायसन्स असलं तरी चालकासह सोळा किंवा जास्त माणसांसाठी बनवलेली गाडी चालवायला प्रवासी वाहतुकीची वेगळी नोंद घ्यावी लागते. तिच्यासाठी वेगळी लेखी परीक्षा, आणि रस्त्यावरची परीक्षा प्रवासी गाडीतच द्यायची, ट्रकमध्ये नाही. सर्वांत वरच्या वर्गाचं लायसन्स असलेल्या ट्रकचालकाने परीक्षा त्याखालच्या वर्गाच्या बसमध्ये दिली, तर वरच्या वर्गाची बस चालवता येणार नाही, असा निर्बंध त्याच्या कार्डावर छापला जातो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून ही नोंद पहिल्यांदा घेणाऱ्याला सरकारी यादीतल्या संस्थेकडून प्रशिक्षण सक्तीचं आहे. शाळेच्या बससाठी त्यावर आणखी एक नोंद लागते. मालाच्या चालकाला दहा तास विश्रांतीनंतर अकरा तास गाडी चालवता येते, प्रवासी नेणाऱ्याला आठ तास विश्रांतीनंतर दहाच तास. माल आणि माणूस यांत त्यांनी इतका फरक केलेला आहे. मला तरी त्यांच्याकडून घ्यायचीच असेल तर बसमध्येच घेतलेली परीक्षा घ्यावीशी वाटते.

‘आरटीओने अडवलं तर हा मेसेज दाखवा’

दाखवायचं असतं लायसन्स, बिल्ला, आरसी, परमिट, फिटनेस आणि विमा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली लायसन्स-आरसी फोनवर दाखवली तरी चालते. मेसेज दाखवून गाडी सुटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

ज्यांना खरोखर बसवर जायचंय त्यांच्यासाठी वाट अशी. लायसन्सवर ट्रान्सपोर्ट आधीच असेल तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर पीएसव्ही बॅजचा अर्ज भरा. नुसतं एलएमव्ही असेल तर वय वीस पूर्ण हवं आणि एलएमव्हीला एक वर्ष झालेलं हवं. मग मान्यताप्राप्त स्कूलमध्ये किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष पंधरा तास गाडी, तिथलं नमुना ५ चं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा १-अ दाखला, लर्निंग, आणि त्यानंतर तीस दिवसांनी परीक्षा. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनी त्यासाठी अडून राहू नये. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. स्कूल निवडताना एवढंच विचारा, की शिकवायला बस आहे का. नुसत्या ट्रकवर हेवी शिकवणाऱ्या स्कूल बऱ्याच आहेत, आणि तिथे शिकून बिल्ला काढलात तर बसमधला तुमचा पहिला दिवस हा प्रवाशांसोबतचा पहिला दिवस असेल.