दोन मिनिटांचं काम

आज संध्याकाळी ड्युटी संपवून निघताना बघितलं तर आमच्या हॉस्पिटलात कॅन्सरचं डे केअर आहे, किमो घेऊन त्याच दिवशी घरी जायचं तो विभाग, त्याच्या दाराजवळचं माझं पेशंटना गोळ्या समजावून सांगायचं टेबल जागेवर नव्हतं. दोन खुर्च्या होत्या त्या पण नाहीत. शिपायाला विचारलं तर म्हणाला स्टोअरमध्ये नेऊन ठेवलंय मॅडम, उद्यापासून तिथे बिलिंगचा दुसरा काउंटर बसतोय. मी तशीच ऑफिसात गेले. तिथे उत्तर मिळालं, "अहो गोळ्या तर फार्मसीच्या खिडकीवर मिळतातच ना, समजवायला वेगळी जागा कशाला पाहिजे? दोन मिनिटांचं तर काम."

दोन मिनिटांचं काम. घरी येईपर्यंत स्कूटरवर हेच डोक्यात. जेवले पण नाही धड. म्हणून लिहायला बसले, मोठं होईल, वाचायचं तर वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, कॅन्सरच्या औषधांचं बघते. फार्म डी केलंय, सहा वर्षांचा कोर्स, आपल्या देशात २००८ मध्ये सुरू झाला, त्यामुळे लग्नाकार्यात अजून विचारतातच, "म्हणजे मेडिकलात बसतेस ना?" त्यांना मी काही बोलत नाही, त्यांचा काय दोष. पण हॉस्पिटल चालवणाऱ्या माणसांना पण तेच वाटत असेल तर बोलायला पाहिजे.

सकाळी किमोच्या ऑर्डरी आल्या की आधी माझ्या हाताखालून जातात. उंची वजन बरोबर आहे का, वजन आजचं आहे की मागच्या महिन्याचं, रक्तातल्या पेशी किती, किडनीचं क्रिएटिनिन किती. कार्बोप्लॅटिन नावाच्या किमोच्या औषधाचा डोस तर किडनी किती काम करते यावरच ठरतो, तिथे जुना रिपोर्ट धरला की सगळा हिशोब चुकला. ऑक्झॅलिप्लॅटिन हे दुसरं औषध डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच जातं, सलाईनमध्ये घातलं तर वाया. व्हिन्क्रिस्टिन तर मी सिरिंजमध्ये देतच नाही, छोट्या बॅगेतच देते, कारण चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस वाचत नाही, जगात अशा चुका झाल्यात. मग गाऊन, दोन दोन ग्लोव्हज घालून कॅबिनेटमध्ये औषध बनवायचं. हे सगळं काचेच्या आत होतं म्हणून कोणाला दिसत नाही. ठीक आहे. दिसायला पाहिजे असंही नाही.

पण टेबल दिसत होतं. आणि ते टेबल कुठून आलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, शिमगा नुकताच झाला होता. किनाऱ्यावरच्या एका गावातली मासे विकणारी मावशी, आतड्याचं ऑपरेशन झालेलं, पुढे कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे तोंडाने घ्यायच्या किमोच्या गोळ्या सुरू करायच्या होत्या. पाचशेची गोळी, सकाळी तीन संध्याकाळी तीन, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस घ्यायच्या आणि मग सात दिवस बंद. असे एकवीस दिवस म्हणजे एक सायकल. बंद म्हणजे बंद. ते सात दिवस पण औषधाचाच भाग आहेत, शरीर तेव्हा सावरतं. गाव लांब, एसटी बदलून यायचं, एक दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून डॉक्टरांनी दोन सायकलच्या गोळ्या एकदम लिहून दिल्या. दहा दहाच्या सतरा स्ट्रिप. डॉक्टरांनी चांगल्या मनाने केलं, मी पण तेच केलं असतं.

त्या दिवशी मी आत होते. तीन बॅगा बनवायच्या बाकी, बाहेर पेशंट सुई लावून बसलेले. खिडकीवरच्या मुलाने काचेवर टकटक केलं, मॅडम गोळ्यांचं पेशंट थांबलंय, आणि मी आतूनच हाताने खूण केली, देऊन टाक. त्याने पाकिटावर लिहिलं "सकाळी ३, संध्याकाळी ३". चौदा आणि सात दिवसांचं डॉक्टरांच्या कागदावर होतं. इंग्रजीत.

दोन मिनिटंच लागली असती ना? तीच ती दोन मिनिटं.

मावशी आली ती पंचविसाव्या दिवशी. कशासाठी आली माहितेय? जुलाब लागले होते, तोंड आलेलं, पाण्याचा घोट गिळवत नव्हता, पण तिने मला पहिलं वाक्य बोललं ते वेगळंच. "रेशनच्या दुकानात अंगठो लागणा नाय गो बाय, माझा धान्य रवला."

मी तिचा हात हातात घेतला. तळवा लालभडक, कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती, बोटांच्या पेरांना चिरा आणि अंगठ्यावर रेषाच नाहीत. गुळगुळीत. या औषधाने हातापायाची साल जाते आणि बोटांचे ठसे पण पुसले जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मशीनला मावशी ओळखू येत नव्हती. आणि या असल्या हाताने ती बर्फातले बांगडे उचलत होती, खारात हात घालत होती, विळीवर बसत होती. पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढल्या, मी मोजल्या, दोन अख्ख्या स्ट्रिप आणि एक कापलेली त्यात सहा. सव्वीस. एकशेसत्तर मधून सव्वीस गेल्या तर एकशेचव्वेचाळीस. रोजच्या सहा. चोवीस दिवस, एकही दिवस न थांबता.

"तुमी दिलास तश्योच खाल्लंय, एक दिस चुकवूक नाय," म्हणाली. वर परत, "माका वाटला पाकिटा संपासर घेवची." अभिमानाने सांगत होती हो. इतकी शहाणी पेशंट, सांगितलेलं तंतोतंत केलं तिने. सांगितलंच अर्धं होतं.

पाच दिवस ॲडमिट होती. वाचली. सगळ्याच वाचत नाहीत.

हे लिहितानाही हात थरथरतोय माझा. राग ऑफिसवर आलाय की स्वतःच्या त्या खुणेवर, ते आता मला पण नीट सांगता येत नाही.

त्यानंतर मी मागे लागून लागून ते टेबल मिळवलं. स्टोअरमधलंच जुनं, एक पाय डुगडुगणारा. नियम केला की तोंडाने घ्यायची किमो असेल तर पेशंट त्या टेबलावर बसल्याशिवाय गोळी हातात मिळणार नाही. वीस मिनिटं लागू देत, अर्धा तास लागू देत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच म्हटलंय, ती कोणाची मेहेरबानी नाही. पण नियमांचं सोडा.

तिथे बसल्यावर काय काय बाहेर पडतं! गॅसची गोळी कोण सांगतच नाही, कारण ती औषधात धरतच नाहीत आपली माणसं, रोज उपाशीपोटी एक घ्यायची म्हणजे घ्यायची. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही गोळ्या त्या गॅसच्या गोळीमुळे अंगाला नीट लागतच नाहीत, पेशंट म्हणणार औषध लागू पडलं नाही. इमॅटिनिब ही पण कॅन्सरचीच गोळी, ती घेणाऱ्या एका काकांना चतुर्थीच्या आधी मी पपनसाबद्दल मुद्दाम सांगितलं, कारण ग्रेपफ्रूट त्या गोळीबरोबर चालत नाही आणि ग्रेपफ्रूटचा जन्मच पपनसातून झालाय, तर काका म्हणाले माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधतात तिथे, बांधलेलं चालेल ना? चालेल काका, माटवीला चालेल, पोटात नको. हे प्रश्न खिडकीत, मागे दहा माणसं उभी असताना कोण विचारणार? तापाचं पण तसंच. किमोनंतर शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला की रात्र असो पाऊस असो यायचं, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हणजे घरोघरी, कोणाला त्यात विशेष वाटत नाही. म्हणून दोनदा सांगते, तिसऱ्यांदा त्यांच्याकडून म्हणून घेते.

बिलिंगला रांग मोठी लागते हे मान्य. नातेवाईक तासभर उभे असतात, त्यांचे पण हाल आहेत. पण अख्ख्या हॉस्पिटलात तेवढीच एक जागा होती का? आणि डॉक्टर सांगतात ना, असं पण म्हणाले ऑफिसात. सांगतात, नाही कुठे म्हणतेय, आमचे डॉक्टर चांगलेच आहेत. पण "कॅन्सर" हा शब्द ऐकल्यावर त्याच खोलीत त्याच खुर्चीवर पुढचं किती ऐकू येतं माणसाला?

आपली माणसं आधी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला पळायची, नाहीतर तुतारी एक्सप्रेस पकडून थेट परळ, टाटाच्या बाहेर फुटपाथवर दिवस काढायचे. आता थोडं का होईना आपल्या जिल्ह्यात मिळायला लागलंय, योजनेत बसतंय, घरची पेज खाऊन ट्रीटमेंट होतेय. एवढं सगळं केल्यावर शेवटच्या पावलाला, गोळी हातात देताना, तिथेच आपण घाई करणार?

मावशीचंच सांगते पुढे. बरी झाल्यावर डोस कमी करून परत सुरू करायचं ठरलं तेव्हा त्या नव्या टेबलावरची पहिली पेशंट तीच. मी कालनिर्णय उघडून तारखांना गोल करत होते, गोळीच्या दिवसाला लाल, सुट्टीच्या दिवसाला हिरवा. ती बघत होती गप्प. लिहिता वाचता येत नाही तिला. मग बोट ठेवलं त्या पानावरच्या चंद्रावर आणि म्हणाली, "म्हणजे पुनवेच्या उधानाक सुरू, नि अवसेच्या उधानाच्या आदी बंद. मगे भांगाचा पाणी लागासर आराम. असाच मा?"

मी तारखा मोजल्या. दोनेक दिवसांचा फरक सोडला तर बरोबर बसत होतं. चौदा दिवस म्हणजे उधाण ते उधाण, आठवडा म्हणजे उधाण ते भांग, भांग म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते ते दिवस, जन्मभर ती हेच तर मोजत आलीय. तो दोन दिवसांचा फरक गोलांनी भरून काढला, नातवाला रोज सकाळी गोल बघायला सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या सायकल तिने समुद्राच्या पाण्यावर काढल्या. एकदाही चुकली नाही. माझ्या सहा वर्षांच्या शिक्षणात हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि खिडकीतून पाकीट सरकवताना मला हे कधीच कळलं नसतं.

गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी दुपारी फोन आला तिचा, रेशनच्या दुकानातूनच, मागे गलका ऐकू येत होता. "अंगठो लागलो गो बाय!" एवढंच. मी डे केअरमध्ये उभी होते, सिस्टर विचारायला लागल्या काय झालं, रडतेस कशाला.

आता राग थोडा उतरलाय. ऑफिसातल्या माणसांना मावशी माहीत नाही, मीच कधी त्यांना नीट सांगितलं नाही, ते उद्या सांगेन. पण टेबल मी परत आणणार आहे, स्टोअरमधून एकटीने ओढत आणावं लागलं तरी.

उद्या दहा वाजता देवगडकडचे एक आजोबा येतायत, पहिलीच सायकल, त्याच गोळ्या. मुलगी मुंबईला, सोबत फक्त आजी. फोनवर सांगून ठेवलंय की घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढून घेऊन या, आणि जी काय औषधं खाता ती सगळी पिशवीत घालून आणा, गॅसची गोळी पण. कुठे बसवायचं ते सकाळी लवकर जाऊन बघते.