पायाच्या धमनीतील स्टेंट किती काळ खुला राहतो : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पायांच्या बंद धमन्यांत त्या उघड्या राहाव्यात म्हणून बसवल्या जाणाऱ्या धातूच्या जाळीविषयीच्या, म्हणजे स्टेंटविषयीच्या, माझ्या लेखावर आपण मोकळेपणाने आणि तपशिलात लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. वडिलांच्या ओटीपोटातील धमनीत सहा वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट आजही खुला आहे आणि ते रोज फिरायला जातात, त्यामुळे ‘पायाच्या धमनीतला स्टेंट काही वर्षांत पुन्हा अरुंद होतो’ हे माझे वाक्य चुकीचे आहे, हा पहिला. औषधी, म्हणजे औषध लावलेले, स्टेंट आल्यापासून तो प्रश्न सुटलेला आहे, हा दुसरा. आणि असे लेख वाचून एखादा रुग्ण उपचार लांबवेल व पाय गमावून बसेल, हा तिसरा, ज्याने मला सर्वांत अस्वस्थ केले.

पहिल्या आक्षेपात चूक माझी आहे. पायाला रक्त नेणाऱ्या वाटेचे तीन टप्पे असतात: ओटीपोट, मांडी आणि गुडघ्याखालचा भाग. मी या तिन्ही टप्प्यांबद्दल एकाच वाक्यात बोललो, ते बोलायला नको होते. ओटीपोटातील धमनी रुंद असते, तिच्यातून रक्त वेगाने वाहते आणि चालताना ती फारशी वाकत नाही. तेथील स्टेंट पाच वर्षांनंतरही साधारणपणे दहापैकी सात-आठ रुग्णांत खुले आढळतात. वडिलांचा अनुभव अपवादात्मक नाही, त्या जागी तो अपेक्षितच आहे. लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे.

मांडीतील धमनीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या लेखातले आकडे तिच्याविषयीचेच होते. ती लांब आणि अरुंद असते, तिच्यातील अडथळाही बहुधा बराच लांब पसरलेला असतो. गुडघ्याच्या वर ती स्नायूंच्या एका चिंचोळ्या बोगद्यातून जाते, आणि प्रत्येक पावलागणिक पिळली जाते, दाबली जाते, वाकते आणि ताणली जाते. धातूची जाळी हे सारे दिवसातून हजारो वेळा सोसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात १२१ पायांतील स्टेंट एक्स-रेने तपासले, तेव्हा सरासरी अकराएक महिन्यांतच ३७ टक्के पायांत जाळी कुठे ना कुठे तुटलेली आढळली. तेव्हापासून जाळ्यांची रचना पुष्कळ सुधारली आहे आणि आता त्या इतक्या तुटत नाहीत. पण तुटणे हा प्रश्नाचा एकच भाग होता. स्टेंट धमनीच्या भिंतीवर सतत बाहेरच्या बाजूने दाब देत राहतो, भिंत त्याला जखम समजते आणि ती भरून काढण्यासाठी आतल्या बाजूने नव्या पेशींचा थर वाढवत जाते. हा थर प्रमाणाबाहेर वाढला की उघडलेली वाट पुन्हा अरुंद होते.

व्हिएन्ना येथील १०४ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, मांडीची धमनी एका वर्षात पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण स्टेंट बसवलेल्यांत ३७ टक्के होते, तर आधी केवळ धमनीत फुगा फुगवून ती रुंद करून गरज पडल्यासच स्टेंट बसवलेल्यांत ६३ टक्के. दोन वर्षांनी हेच आकडे सुमारे ४६ आणि ६९ झाले. यावरून दोन गोष्टी एकदमच कळतात. स्टेंट नुसत्या फुग्यापेक्षा निश्चित सरस आहे, आणि तरीही दुसरे वर्ष संपता संपता जवळजवळ निम्म्या रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद झालेली असते. यांपैकी फक्त दुसरी गोष्टच आपण लेखात वाचलीत असे मला वाटले, पण ते तसे वाचले जावे अशा रीतीने मीच लिहिले होते.

आता औषधी स्टेंटविषयी. पेशींची वाढ रोखणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या स्टेंटचा पाच वर्षांचा पाठपुरावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषधी स्टेंट मिळालेल्या गटात सुमारे ६६ टक्के धमन्या खुल्या होत्या, प्रचलित उपचारांच्या गटात ४३ टक्के. हा फरक मोठा आहे आणि मी तो लेखात द्यायला हवा होता. परंतु याचा अर्थ तीनपैकी एक धमनी पाच वर्षांत पुन्हा अरुंद झाली असाही होतो, म्हणून ‘प्रश्न सुटला’ हे शब्द मला मान्य करता येत नाहीत. याच औषधामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते की काय, अशी शंका २०१८ च्या अखेरीस एका एकत्रित विश्लेषणातून पुढे आली होती. अधिक माहिती तपासल्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२३ साली ती शंका टिकत नसल्याचे जाहीर केले. आपल्या परिचयातील कोणी त्या भीतीने अजून अडून बसले असेल तर त्यांना हे जरूर सांगावे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून आहे, आणि इथे घाईने बोलणे दोन्हीकडून धोक्याचे ठरते.

चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते, एवढाच त्रास असेल तर पाय कापावा लागण्याची वेळ पुढील पाच वर्षांत शंभरातील अगदी मोजक्यांवर येते. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत आणि मधुमेहींत हा धोका अधिक असतो. अशा रुग्णाने स्टेंटचा निर्णय काही महिने लांबवला तर सहसा काही बिघडत नाही, उलट त्या काळात देखरेखीखालील चालण्याचा व्यायाम केला तर त्याचा फायदाच होतो. ओटीपोटातील अडथळ्याच्या १११ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी चालण्याची क्षमता स्टेंटपेक्षा व्यायामाने अधिक वाढली होती, जरी स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे समाधान स्टेंटच्या गटात अधिक होते. स्वीडनमधील १५८ रुग्णांच्या अभ्यासात धमनी उघडण्याचा फायदा सुरुवातीला स्पष्ट दिसला, पण पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच झाले.

मात्र रात्री झोपेत पाय दुखून जाग येत असेल, बोटावरची जखम भरत नसेल किंवा बोट काळे पडू लागले असेल, तर आपले म्हणणे शब्दशः खरे आहे आणि तिथे एक आठवडाही फार होतो. या अवस्थेत स्टेंट दहा वर्षे टिकेल का, हा प्रश्नच मागे पडतो. जखम भरून येईपर्यंत रक्त पोचत राहिले तरी पाय वाचू शकतो. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पहिल्यांदा नळीच्या वाटेने पायाची धमनी उघडली, ती पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीची. ती पुढे सुमारे अडीच वर्षे जगली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. त्या काळी स्टेंट अस्तित्वातच नव्हता.

या गंभीर अवस्थेत आधी बायपास करावा की धमनी आतून उघडावी, याचे एकच उत्तर नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या १,८३० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या पायाची स्वतःची शीर बायपाससाठी चांगली होती त्यांच्यात बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी गुडघ्याखालच्या धमन्यांविषयीच्या ३४५ रुग्णांच्या अभ्यासात निष्कर्ष उलट आला. म्हणून कोणी एका उपचाराची सरसकट शिफारस करत असेल, तर शीर तपासली का आणि अडथळा नेमका कुठे आहे, हे त्यांना आवर्जून विचारावे. हा परिच्छेद मूळ लेखात नव्हता. तो नसल्यामुळेच माझे लिहिणे सगळ्याच रुग्णांना ‘थांबा’ असे सांगणारे वाटले असणार, आणि आता तो लेखाच्या सुरुवातीलाच घातला आहे.

वडिलांबद्दल एक विनंती. सहा वर्षे उत्तम गेली म्हणून रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे कोणीही परस्पर बंद करू नयेत. ती पायाइतकीच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांसाठीही आहेत, आणि पायाच्या धमन्या बंद झालेल्यांना खरा मोठा धोका तिथूनच असतो. चालण्याचे अंतर हळूहळू कमी होऊ लागले तर डॉप्लर तपासणी (धमनीतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी. आणि पाय अचानक गार, पांढुरका, बधिर झाला किंवा असह्य दुखू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.