४८ तास कुणाचे?

कॅलिफोर्नियात प्यूमानं, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी सिंहानं, कुणाची शेळी मारली आणि मालकानं वन्यजीव खात्याला कळवलं, तर खात्याच्या माणसानं ४८ तासांच्या आत जागेवर येऊन हे काम प्यूमाचंच आहे का, याची खात्री करायची, असं इथल्या कायद्यात लिहिलेलं आहे. कोल्हापूरकडं शाहूवाडीतल्या एखाद्या वाडीवर बिबट्यानं शेळी मारली तरी आकडा तोच, ४८ तास. फक्त तिथं ते शेतकऱ्याचे. तेवढ्या वेळात वन खात्याला वर्दी दिली नाही, तर भरपाईचा दावा लंगडा पडतो. इकडं घड्याळ सरकारच्या मनगटावर, तिकडं शेळी गेलेल्याच्या.

गावाकडून सध्या बिबट्याची जी चर्चा कानावर येते, तिच्यात हे घड्याळ कुठंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्हापुरात ताराबाई पार्कात भरदिवसा बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली आणि बघ्यांच्या गर्दीतच त्याला पकडावं लागलं. त्याच सुमाराला शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला लहान मुलांचे बळी गेले आणि लोक रस्त्यावर उतरले. मग नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार बिबट्याचा वेश घालून आले. मागण्या तीन-चार आहेत: बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधून (सगळ्यात कडक संरक्षण) दोनमध्ये टाका, माद्यांची नसबंदी करा, पिंजरे वाढवा, सापडलेले चांदोलीच्या राखीव जंगलात नेऊन सोडा. जंगलात शेळ्या सोडायची कल्पनाही मंत्र्यांच्या तोंडून आली. शेळ्या पाळणाऱ्या धनगराला ती विचारून आली असती तर बरं झालं असतं.

यावर इकडच्या मराठी मंडळींचं उत्तर ठरलेलं: पी-२२. हा प्यूमा नर लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात दहाएक वर्षं राहिला. तिथं पोचण्यासाठी त्यानं ४०५ आणि १०१ हे दोन अवाढव्य हमरस्ते ओलांडले होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यावं लागलं, तेव्हा अख्खं शहर हळहळलं. ‘बघा, एवढ्या मोठ्या शहरात त्याला सांभाळलं, आणि आपले लोक काठ्या घेऊन धावतात.’ हे अर्धंच सांगणं झालं. शेवटच्या दिवसांत पी-२२ पट्ट्याला धरून फिरवायला नेलेली कुत्री उचलू लागला, म्हणून त्याला पकडलं. तपासणीत गाडीच्या धडकेच्या जखमा आणि जुने आजार निघाले. शिवाय ग्रिफिथ पार्क रात्री साडेदहाला बंद होतं. तिथं बारा वाजता खांद्यावर फावडं टाकून कुणी उसाला पाणी पाजायला जात नाही.

मार्च २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीत प्यूमानं दोन भावांवर हल्ला केला आणि एकाचा जीव गेला. कॅलिफोर्नियात प्यूमानं माणूस मारण्याची ही वीस वर्षांतली पहिली घटना. वीस वर्षांत एक, या हिशेबावर बसून शिरूरच्या आईबापांना सहजीवन शिकवू नये. शास्त्रानं बघायचं तर प्यूमा मोठ्या मांजरांच्या घराण्यातलाही नव्हे, त्याला डरकाळी फोडता येत नाही. त्याचं मुख्य खाणं हरीण, आणि ते त्याला डोंगरात मिळतं. अकोले तालुक्यातल्या शेतवस्तीतल्या बिबट्यांची विष्ठा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तपासली, तर खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी पोटात कुत्री जास्त. कारण साधं आहे. शेळी रात्री आत असते, कुत्रं बाहेर. म्हणजे उसातला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नाही. तो तिथंच राहतो, उकिरड्यावर वाढलेली कुत्री त्याला पोसतात. देशभरात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असा २०२२ चा अंदाज सांगतात, पण ती मोजणी मुख्यतः वाघाच्या जंगलपट्ट्यांतली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या फडातला बिबट्या त्यात आला असेल असं धरून चालू नये.

तरीही कॅलिफोर्नियाकडून उचलण्यासारखं एक आहे, आणि ते प्रेम नव्हे, अट आहे. १९९० मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव ११७ मंजूर करून प्यूमाची शिकार बंद केली. पण जनावर मारलं गेलं तर मालकाला परवाना मागता येतो. तो दहा दिवस चालतो आणि माग काढायची सुरुवात नुकसानीच्या जागेपासून एक मैलाच्या आत करावी लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मालिबूजवळ पी-४५ नावाच्या प्यूमानं एका गोठ्यात एका रात्रीत दहा अल्पाका मारले. मालकिणीनं परवाना घेतला आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर २०१७ च्या अखेरीस सांता मोनिका आणि सांता आना डोंगरांपुरता नियम बदलला: पहिल्या दोन घटनांना फक्त हुसकावण्याचा परवाना, सोबत गोठा नीट करायची जबाबदारी, आणि तिसऱ्यांदा घडलं तरच मारण्याचा. प्यूमानं मारलेल्या जनावराची भरपाई मात्र राज्य देत नाही. महाराष्ट्रात जनावराला बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई आहे आणि माणूस गेला तर २५ लाख. म्हणजे पैसा आपल्याकडं आहे, फक्त तो मेल्यावर निघतो. जिवंत शेळीच्या छपरावर तो आधी लागावा, एवढीच माझी मागणी.

छप्पर म्हणतोय ते मुद्दाम. आपल्याकडं कुंपणाची उंची वाढवतात, आणि सहा-सात फूट उडी हा बिबट्याला खेळ आहे. वरून उघडा गोठा म्हणजे गोठाच नव्हे. खाली तीन फूट वीट किंवा दगड, त्यावर वेल्डेड जाळी, वर पत्रा, आणि पत्रा नुसता दगड ठेवून दाबलेला नको, हूक-बोल्टनं आवळलेला हवा. कोल्हापुरी गोठ्यात खरी फट असते ती भिंत आणि पत्र्याच्या मध्ये, वारा खेळावा म्हणून सोडलेली. बिबट्याचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं, म्हणून ती जागा जाळीनंच बंद करायची. वारा अडत नाही. दुसरी फट दाराखाली. जमीन झिजून तिथं वीतभर पोकळी होते आणि तो पंजा घालून करडू ओढतो. तिथं सिमेंटचा उंबरा हवा. साखळीची जाळी नुसती कोपऱ्यांना तारेनं बांधली तर मधून वाकते. ती फूट-फूटभर अंतरावर आवळावी लागते. शेडनेटचं छत तर फाडायलाच केलेलं असतं. आणि अर्धवट बंद गोठा उघड्यापेक्षा वाईट. आत शिरता येतं पण शेळ्यांना पळता येत नाही, समोर धडपड चालू राहते, आणि भूक एका शेळीची असताना दहा मरतात. मालिबूत नेमकं तेच झालं.

शेळी गेलीच, तर ती हलवायची नाही. वास सुटायच्या आत उकिरड्यात टाकायची घाई होते, मग कुत्री लचके तोडतात आणि पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाला बिबट्या का कुत्रं, हे सांगता येत नाही. बिबट्या गळा धरतो, तिथं सुळ्यांची खोल भोकं दिसतात. कुत्री मागच्या पायांवर आणि पुठ्ठ्यावर तुटून पडतात. म्हणून गळ्याचा, पायठशांचा आणि ओढत नेलेल्या रेघेचा फोटो आधी, १९२६ ला फोन लगेच. पायठशावर पाटी किंवा घमेलं पालथं घातलं तर पाऊस-वाऱ्यात ते टिकतात.

आता पिंजरा. गावानं मागायचा, खात्यानं लावायचा, आत शेळी नाहीतर कोंबड्या, आणि चौथ्या दिवशी एक बिबट्या सापडला की फोटो. सापडला तो दोषीच, हे कशावरून? पिंजऱ्याला ओळखपरेड येत नाही. गजांवर दात आपटून सुळा तुटला, तर शिकार अवघड झालेलं जनावर आपणच तयार केलेलं असतं. जुन्नरचा अनुभव तर छापून आलेला आहे. २००१ ते २००३ मध्ये तिथं शंभराहून जास्त बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवर सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला चारेक हल्ले होत होते, ते सतरापर्यंत गेले. सोडलेला परत घराकडं निघतो, वाटेत अनोळखी गावं लागतात, आणि इकडं रिकाम्या झालेल्या जागेत नवा तरणा येतो. त्यामुळं ‘चांदोलीला सोडा’ म्हणणाऱ्यांनी चांदोलीत जागा मोकळी आहे का, ते विचारावं. तिथं आधीचे बिबटे आहेत, आणि आता ताडोबातून वाघिणी आणून सोडणं सुरू आहे. नसबंदीबद्दल एवढंच, की नसबंदी केलेली मादीही आज रात्री शेळी खाणारच. अनुसूची बदलून काय मिळतं, हेही मला कळलेलं नाही. माणसाच्या जिवाला धोका झालेलं आणि पकडता न येणारं जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ खाली आजही देऊ शकतात. शिरूरला बिबट्याला गोळी घातली ती याच कायद्याच्या राज्यात.

शहरातलं प्रकरण वेगळं. ताराबाई पार्कात शिरलेला बिबट्या शिकारीला आलेला नसतो, त्याला बाहेर पडायचं असतं. बेशुद्धीचं इंजेक्शन सिनेमातल्यासारखं लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि घाबरलेल्या जनावराला त्याहून जास्त. त्या वेळात गच्चीवर मोबाइल घेऊन दोनशे माणसं ओरडत असली तर तो डार्टसकट पळतो, आणि जखमी होतो तो वाटेत आलेला. २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीवर आले तेव्हाही गर्दी हीच होती, आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. गल्लीची दोन्ही तोंडं पोलिसांनी बंद करणं, जमावबंदी (जुनं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३) पहिल्या अर्ध्या तासात लावणं, दिवस मावळेपर्यंत वाट बघून एक वाट मोकळी ठेवणं. पथक कितीही चांगलं असलं तरी याशिवाय हात बांधलेले. नांदणी मठाची माधुरी हत्तीण परत यावी म्हणून अख्खा जिल्हा शिस्तीत पदयात्रेत चालू शकतो, तर एक गल्ली मोकळी करणं जमू नये असं नाही.

समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही, खाली वाकायचं नाही. हात वर करून मोठं दिसायचं आणि मागं सरकत त्याला जायला जागा द्यायची. लेकरू सोबत असेल तर नजर न हटवता उचलून घ्यायचं. प्यूमा आणि बिबट्या दोघांनाही हे लागू. खोलीत किंवा गटारात कोंडलेल्या बिबट्याला मात्र लागू नाही. त्याच्यापुढं मोठं दिसू नये, दार लावून घ्यावं.

आणि ‘वाकायचं नाही’ हे सांगायला सोपं. पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी रात्री करतो काय? बॅटरी तोंडात धरून दारं मोडायला, म्हणजे पाण्याची वाट वळवायला, वाकतो. शौचाला बसलेला, गवत कापणारी बाई, उसाच्या कडेला खेळणारं पोर, सगळे बिबट्याच्या नजरेत चार पायांच्या उंचीचे. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, हे वेळापत्रक बिबट्याच्या हालचालीशी तंतोतंत जुळतं. दिवसा वीज द्यायला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. तिचे फीडर निवडताना बिबट्याचा वावर असलेली गावं आधी, एवढा एक निकष घातला तर नसबंदीच्या दहा शिबिरांपेक्षा जास्त जीव वाचतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोडीच्या हंगामात धोका वाढतो, कारण फड कमी होत जातात आणि सगळे बिबटे उरलेल्या उसात गोळा होतात. माद्या तिथंच विणतात. तोडताना पिल्लं दिसली की कोयता थांबवायचा, पिल्लांना हात लावायचा नाही, आणि वनरक्षक येईपर्यंत तेवढा पट्टा उभा ठेवायचा. खात्याची माणसं पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुतेकदा आई रात्रीत मानेला धरून एकेक घेऊन जाते. पिल्लं फोटोसाठी गावात नेली तर ती रात्रभर वाड्यावस्त्यांवर त्यांना शोधत फिरते.

राहिल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. बीडकडून आलेलं कुटुंब पाचटाच्या, बिनदाराच्या कोपीत झोपतं, पोरं बाहेरच्या बाजूला. कोप्या उभ्या फडाला चिकटून पडतात, कारण तोड जवळ पडते. त्या तोडून मोकळ्या झालेल्या रानाच्या मधोमध हव्यात, दिव्याचं तोंड उसाकडं, पोरं आतल्या बाजूला, आणि फिरतं शौचालय कारखान्याच्या खर्चानं. तोड नोव्हेंबरात सुरू होत असली तरी कोप्यांची जागा ऑक्टोबरातच ठरते, मुकादम आणि कारखान्याचा शेती अधिकारी बसून ठरवतात. त्या बैठकीला वनरक्षकाला बोलावलं, तर एक चहा जास्त सांगावा लागेल.