एक प्लग लावू द्या, बस्स!

तेरा वर्षं पेट्रोल भरलं, एकदाही कोणाची ना-हरकत लागली नाही. पंपावर जायचं, "फुल कर रे दादा" म्हणायचं, शून्य बघायचं, पैसे द्यायचे, निघायचं. पंपावरच्या पोराने कधी विचारलं नाही की ताई, बिल्डिंगमधल्या बाकीच्या मेंबरांना विचारून आलात का? आणि आता स्वतःच्या पैशाने घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीत, स्वतःच्या मीटरची वीज, स्वतःच्या पार्किंगमध्ये भरायची, तर चार महिने झाले मी दारोदार फिरतेय. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्या काकांकडे तर सायकलसुद्धा नाही! पण हरकत त्यांचीच सगळ्यात मोठी. अडला हरी म्हणतात तो मीच. पुढचं तुम्ही पूर्ण करा.

मी हौसेने गाडी बदलली असं कोणी समजू नका. माझी 2012ची टर्बो पेट्रोल सेडान होती, 1.8 लिटर, 160 हॉर्सपॉवर. कंपनीचं नाव घेत नाही, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. काय गाडी होती पण! कसारा घाटात लिव्हर बाजूला ओढून तिसरा टाकला की टर्बो लागायचा आणि पाठ सीटला चिकटायची. नवऱ्याला घाटात मळमळतं, त्यामुळे चालवायची मीच. तरी दर पंपावर, दर टायरवाल्याकडे एकच प्रश्न, "गाडी साहेबांची का?" साहेब मागच्या सीटवर डोळे मिटून आलेपाक चघळत असायचे.

मग तिचं म्हातारपण सुरू झालं. आधी थर्मोस्टॅट, मग कूलंटची गळती, मग एकेक करत चारही इग्निशन कॉइल. सस्पेन्शनच्या बुशांचं तर बोलायलाच नको, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नावाने आमचं नाशिक जिथे तिथे खोदून ठेवलंय, त्यात लो प्रोफाइल टायरची गाडी म्हणजे रोज सकाळी देवाचं नाव घेऊन निघायचं. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे अ‍ॅव्हरेज पडणारच, आणि माझी गाडी त्या मिश्रणासाठी बनलेलीच नव्हती. उसाचा रस मला आवडतो हो, टर्बोला नाही आवडत.

शेवटी गिअरबॉक्स गेला. म्हणजे गिअर शाबूत, गिअर कधी टाकायचा हे ठरवणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू गेला. द्वारकेजवळचा माझा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक ऐंशी धरा. पार्ट यायला महिना." एक लाख ऐंशी हजार! गाडी विकून दोन आले असते तर नशीब. बरं, 2027मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरणार, मग पासिंग आणि पर्यावरण कर. इकडे सिंहस्थ, तिकडे माझं आरटीओ, एकाच साली पर्वणी. आणि कळस म्हणजे महिनाभर आधीच मी 745 रुपये अधिक जीएसटी भरून तिला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून आणली होती. लग्नाचा शालू नेसवून म्हातारीला आयसीयूत नेलं, असं झालं.

सिन्नरच्या एका पोराने नेली, एक लाख पंचाहत्तरला. गिअरबॉक्सचं सगळं खरं सांगितलं, तरी नेली. जाताना विचारतो, "मॅडम, रिमॅप केलीय का?" म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतलीय का. नाही रे बाबा, आमच्या काळी गाडी होती तशीच पुरायची.

तर इलेक्ट्रिक. गाडीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर "बघा, आम्ही म्हणालो होतो ना, डिझेल घ्या" म्हणणारे नाक वर करून येतील. टर्बो लागायची वाट बघायला लागत नाही, पाय ठेवला की सगळा टॉर्क हजर. गंगापूर रोडच्या सिग्नलवर मोठमोठ्या सायलेन्सरवाली पोरं आरशात लहान होत जातात, तेव्हा कोणाला सांगू नका, पण मजा येते. क्लच नाही, ऑइल नाही, कॉइल नाहीत. आवाजही नाही, आणि तो आठवतो. रात्री उशिरा घरी येताना सनरूफ उघडलं की तो घुमणारा आवाज यायचा, आता फक्त एसीचा पंखा येतो. पण ते माझं मी बघेन, त्याला कोणाची परवानगी नको.

परवानगी लागते ती प्लगला.

मी अर्ज दिला. वरती "मा. सेक्रेटरी साहेब", खाली "आपली नम्र", सगळं रीतसर. सोबत इलेक्ट्रिशियनचा नकाशा: मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत 22 मीटर, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी, अर्थिंगचा वेगळा खड्डा, खर्च सगळा माझा. सोबत केंद्राच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट, त्यात स्पष्ट आहे की आपल्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हवा तर वेगळा मीटरही घेता येतो. सेक्रेटरींनी प्रिंट हातात घेऊन उलटी केली, मागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाले, "हे दिल्लीचं झालं, वहिनी."

मग मीटिंग. रविवारी अकरा वाजता, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या. नाशिकमध्ये रविवारी अकरा म्हणजे माणसं मिसळ खाऊन आलेली असतात, पोटात रस्सा आणि डोक्यात झोप. विषय माझा, गाडी माझी, सही माझी, आणि सगळे प्रश्न नवऱ्याला. "काय हो, किती किलोवॅट म्हणताय तुम्ही?" तो बिचारा माझ्याकडे बघतो, मी उत्तर देते, "7.2," मग पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. मी सोळा वर्षं अंबडच्या कारखान्यात क्वालिटी बघतेय, पॅनेलमधल्या वायरिंगच्या चुका काढणं हाच माझा धंदा आहे, हे यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्यांच्या घरचा गिझर शॉक देतो तेव्हा मला बोलावतात!

"7.2 म्हणजे बिल्डिंगची लाईट जाईल." अहो, दोन गिझर आणि दोन एसी एकदम लावले की तेवढाच लोड होतो, आणि सकाळी सहा ते आठ आपल्या बिल्डिंगमध्ये किती गिझर चालू असतात ते मोजा जरा. मी रात्री बारानंतर लावणार, तेव्हा तुमचा फक्त फ्रिज जागा असतो. "ते ठीक आहे, पण उद्या सगळ्यांनी मागितलं तर?" मागू द्या ना! तेव्हा ट्रान्सफॉर्मरचं बघू. आज एकटीने मागितलंय, तर एकटीलाही नाही म्हणायचं, हा कुठला हिशोब?

मग तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. मोबाइल सगळ्यांना दाखवत, "हे बघा, हे बघा, पेटली!" कुठल्यातरी देशातली कुठलीतरी गाडी. मी विचारलं, ही कुठली, कधीची? "ते नाही माहीत, पण पेटली ना!" पुढून खजिनदारांनी मान डोलावली. खजिनदारांच्या गाडीच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर आहे. 200 बारचा दाब असतो त्यात, ती उभी असते लिफ्टच्या दाराशी, आणि ते सिलिंडर बसवताना त्यांनी सोसायटीला विचारल्याचं मला तरी आठवत नाही. मी तसं बोलले. तर म्हणे, "पर्सनल होऊ नका, वहिनी."

शेवटी ठरलं काय, तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्या. शंभरचा स्टॅम्प बंद होऊन काळ लोटला, आता 500चा. त्यात मजकूर: आग लागल्यास, वीज गेल्यास, भिंतीला भेग पडल्यास मी "माझ्या वारसांसह" जबाबदार. वारसांसह! माझी मुलगी आठवीत आहे, तिच्यावर आत्ताच भिंतीची भेग चढवली. दिलं तेही. तेव्हापासून फाइल "विचाराधीन" आहे, कारण आता वायरच्या पट्टीचा रंग भिंतीला मॅच व्हायला हवा, आणि भिंतीचा रंग दिवाळीत बदलायचाय.

आणि परवा काय दिसावं? रात्री कचरा टाकायला खाली आले, तर लिफ्टच्या मशीन रूमच्या सॉकेटमधून वायर निघालीय, जिन्याखालून गेलीय आणि सेक्रेटरींच्या चिरंजीवांच्या इलेक्ट्रिक स्कूटरला लागलीय. कॉमन मीटर! म्हणजे ते बिल मीही भरते. सकाळी विचारलं तर म्हणाले, "लहान आहे हो तो, वहिनी, लावतो कधीतरी." लहान म्हणजे चोवीस वर्षांचा आहे, हिंजवडीत कामाला आहे.

घरी प्लग नाही म्हणजे काय होतं ते ठाण्याच्या वारीत कळलं. बहिणीकडे गेले होते. 45 किलोवॅट-तासांची, म्हणजे 45 युनिटची बॅटरी, निघताना 92 टक्के. 100 का नाही? कारण 80 नंतर पब्लिक चार्जर इतका सुस्तावतो की मागे थांबलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. घरी प्लग असता तर गाडी रात्रभर सावकाश भरत बसली असती, कोणाचं काय गेलं असतं. जाताना घाट उतरताना गाडी उलट वीज गोळा करते, टक्का हलतसुद्धा नाही, तेव्हा फार शहाणं वाटतं. येताना तोच घाट वसूल करतो. शहापूरला 31 टक्के उरले होते. तिथून इगतपुरी साधारण साडेपाचशे मीटर उंच. पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिट जातात, म्हणजे पाच-सहा टक्के फक्त चढाचे, रस्ता वेगळा. म्हणून म्हटलं, इथेच भरून घेऊ.

एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. दोन गन, म्हणजे गाडीत लावायचे दोन प्लग. एकीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे मेली. दुसरीसमोर पांढरी डिझेल एसयूव्ही आडवी लावून मंडळी आत जेवतायत. आत जाऊन नंबर पुकारला, तर ड्रायव्हर म्हणतो, "जेवण झालं की काढतो ना." ती जागा हिरवी रंगवलीय ती काय शोभेला? मी तुझ्या पंपाच्या नोझलसमोर खाट टाकून झोपले तर चालेल?

पंचवीस मिनिटांनी त्याने ढेकर दिली आणि गाडी काढली. आता अ‍ॅप. हे अ‍ॅप माझ्याकडच्या पाचपैकी एकही नाही, सहावं. डाउनलोड करा, ओटीपी, गाडीचा नंबर, मग वॉलेटमध्ये किमान पाचशे टाका. टाकले. क्यूआर स्कॅन केला. "चार्जर उपलब्ध नाही." अरे, मी त्याला हात लावून उभी आहे! हेल्पलाइनच्या मुलाने अत्यंत गोड आवाजात सांगितलं, मॅडम, इमर्जन्सी बटण कोणीतरी दाबलंय, ते फिरवून सोडवा. फिरवलं. त्यावर चार्जर रिस्टार्टला लागला आणि रिस्टार्टमध्येच राहिला. ते पाचशे अजून त्या वॉलेटमध्ये आहेत, काशीला वाहिल्यासारखे.

एसी बंद, काचा खाली, ट्रकच्या मागे चाळीसच्या स्पीडने घाट चढले. ज्या घाटात मी तेरा वर्षं कोणाच्या मागे राहिले नाही, त्या घाटात! घोटीला पोचले तेव्हा 9 टक्के. तिथला चार्जर चालू होता, 30 किलोवॅटचा, देव त्याचं भलं करो. नाशिकपर्यंत यायला वीस मिनिटं पुरली असती. पण घरी प्लग नाही, दुसऱ्या दिवशी अंबडला जायचं, म्हणून तासभर बसले, रात्री साडेअकराला, बंद टपरीच्या बाकावर. आणि बिलात 18 टक्के जीएसटी. गाडी घेताना जीएसटी 5 टक्के, कारण पर्यावरण वाचवायचंय. ती चार्ज करताना 18, कारण आता कुठे पळून जाणार.

लोकांचे प्रश्न वेगळेच. सिग्नलला काच ठोठावून, "एका चार्जला किती जाते?" कागदावर साडेचारशे, मला तीनशे मिळतात, आणि पुढचा प्रश्न पाठ आहे, "बॅटरी गेली तर?" तुमची जाईपर्यंत माझी जाणार नाही, असं जिभेवर येतं. हिरवी प्लेट बघून मैत्रिणीच्या सोसायटीतला गार्ड विचारतो, "टॅक्सी का मॅडम?" अहो, टॅक्सीची अक्षरं पिवळी असतात, माझी पांढरी आहेत. असो, "गाडी साहेबांची का" पेक्षा हे बरं.

पुढची मीटिंग महिनाअखेरीस. विषय पत्रिकेत मी चौथी आहे, कबुतरांच्या जाळीच्या खाली. तोपर्यंत मुंबई नाक्याचा चार्जर. तिथल्या वॉचमनकाकांशी माझा करार झालाय, मी निघताना फोन करते आणि ते हिरव्या जागेवर ट्रॅफिकवाल्यांचा प्लास्टिकचा कोन लावून ठेवतात. आत्ता गाडीत 19 टक्के आहेत. काका म्हणालेत, साडेदहापर्यंत धरतो, पुढे नाही. वाटेत त्यांच्यासाठी चहा घ्यायचाय, जाते.