केबल नंबर प्लेट वाचत नाही

म्हापसा-पर्वरीच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: रस्त्याकडेची फायबर केबल गाडीचा नंबर टिपते आणि घरी चलन येतं. हे खरं नाही. मी केबल जोडणीतला माणूस. तुटलेली जागा शोधायला आम्ही ओटीडीआर नावाचं यंत्र लावतो: लेझरचा स्पंद सोडायचा, माघारी येणारा प्रकाश मोजायचा. केबलमधल्या काचेच्या तंतूत तो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे वेळेवरून अंतर निघतं. फायबर केबलवरून वाहतूक ओळखण्याचं तंत्र याच जातीचं. ट्रक किंवा मालगाडी गेली की जमीन थरथरते, तंतू किंचित ताणला जातो, परतणारा प्रकाश बदलतो. त्यासाठीही टोकाला खास यंत्र हवं. नुसत्या केबलने काही होत नाही. वर्दळ कळेल, वेग कळेल. नंबर, हेल्मेट? छे, त्याला कॅमेराच लागतो. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.