घरचे बियाणे शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नाही

आजऱ्याच्या माझ्या मावशीने यंदा घनसाळ भाताचे बियाणे शेजारणीला द्यायचे नाकारले. घरचे बियाणे दुसऱ्याला दिल्यास शिक्षा होते, वाण जपणे हे सरकारी जनुकपेढीचे, म्हणजे बियाणे थंड ठेवून साठवणाऱ्या संस्थेचे, काम आहे आणि जुन्या वाणांना उतारा, म्हणजे भरघोस उत्पादन, नसतो, असे सांगणारा व्हॉट्सॲप संदेश तिच्यापर्यंत पोहोचला होता. कोल्हापुरातील शिकलेली माणसेही तो न तपासता पुढे पाठवत आहेत, याचा संताप येतो.

शिक्षेचा दावा धादांत खोटा आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 याचे कलम 39 शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देते, आणि हा हक्क या कायद्याखाली नोंदणी करून संरक्षित केलेल्या वाणांनाही लागू आहे. बंदी एवढीच, की संरक्षित वाणाचे बियाणे त्या नावाचे लेबल लावून पाकिटातून विकता येत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या घनसाळाचे किंवा काळ्या जिरग्याचे सूपभर बियाणे शेजारी देण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट, पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना या कायद्याखालील जनुक निधीतून पुरस्कार देण्याची तरतूद याच कलमात आहे. आपल्या संरक्षित वाणाची लागवड केली म्हणून गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने दावे लावले होते हे खरे. परंतु 2019 च्या मे महिन्यात कंपनीने ते मागे घेतले, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. या भीतीने एखाद्या वाडीत दोन-तीन हंगाम देवाणघेवाण थांबली, तर शेवटच्या घरातले बियाणे किडल्यावर तो वाण तिथून कायमचा जाईल.

जनुकपेढी आवश्यकच आहे. मात्र उणे 18 अंशांना ठेवलेले बी बदलत्या पावसाशी आणि रोगांशी जुळवून घेत नाही, ते काम शेतातच होते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावठी वाणांची बीज बँक उभारतात आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर होते, तरीही गावकऱ्यांची गरज नाही असे म्हणायचे काय?

उताऱ्याबाबत मात्र थोडे मान्य करावे लागते. उंच वाढणारी जुनी भाते वाऱ्यात लोळतात आणि संकरित वाणांइतकी पिकत नाहीत. पण 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आजरा घनसाळाला ग्राहक वासासाठी जास्त दर देतात, आणि शेतकऱ्याचा हिशेब केवळ क्विंटलवर नव्हे, तर खर्च वजा जाता हाती उरलेल्या पैशांवर ठरतो.