‘शक्य असल्यास’

काल रात्री साडेदहाला सिटी कौन्सिलच्या बैठकीतून घरी आले आणि झोपच लागली नाही. म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत, आमच्या शहरात पोलिसांनी बळाचा वापर कधी आणि किती करायचा, ती नियमावली बदलायची चाललीय. मसुद्यात एक वाक्य आहे: अधिकाऱ्याने ‘शक्य असल्यास’ आधी बोलून, लांब थांबून, समोरच्याला वेळ देऊन प्रसंग शांत करावा. आम्ही सात-आठ जणांनी एवढंच मागितलं की ‘शक्य असल्यास’ काढा आणि ‘करावा’ऐवजी ‘केलाच पाहिजे’ लिहा. त्यावर एक सदस्य म्हणाले, शब्दांचा कीस नको, आमचा आमच्या पोलिसांवर विश्वास आहे. विषय गेला पुढच्या महिन्यावर.

शब्दांचा कीस!

मागच्या ऑक्टोबरात बाबा इथे होते. कराडला प्रीतिसंगमावर जसे रोज पहाटे जातात तसेच इथेही निघायचे. कानटोपी, अर्धा स्वेटर, पायात चपला. त्या दिवशी लोकांच्या दारातले हॅलोविनचे कोरलेले भोपळे बघत, थांबत थांबत चालले होते. कुणीतरी फोन केला, अनोळखी माणूस घरांत डोकावतोय. पोलिसांची गाडी आली. बाबांना वीस वर्षांचा डायबेटिस. साखर उतरायला लागली होती, घाम फुटलेला. समोरचा काय बोलतोय ते कळेना. आणि त्यांनी स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात हात घातला. खडीसाखरेची पुडी काढायला.

इथे राहणाऱ्या कुणालाही त्या एका क्षणाचा अर्थ समजावून सांगायला नको: पोलिसाला वाटू शकतं, बंदूकच काढतोय.

तो अधिकारी दोन पावलं मागे सरला. स्वतःचे दोन्ही तळहात दाखवून खुणेनं ‘हळू, हळू’ म्हणाला. पुडी बाहेर आली. त्यानं बाबांना फुटपाथच्या कडेला बसवलं, खडीसाखर तोंडात टाकू दिली, चिठ्ठीवरचा माझा नंबर फिरवला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “चांगला पोरगा होता गं.” मला चहा ओतता येईना, इतका हात थरथरत होता.

काल इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, हा आपला विषय नाही, तो काळ्या लोकांचा विषय आहे. अरे, लाज वाटू द्या. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्याच गल्लीत फिरत होते. फोन करणाऱ्यानं त्यांचं वर्णन ‘काळा माणूस’ असंच केलं होतं! इंग्रजी येत नाही एवढं ते सांगत होते. पोलिसानं तोंडावर आपटलं, मणक्याला मार बसला, अंग लुळं पडलं. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात आहे. दोनदा खटला चालला, दोन्हीदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

आणि ज्या निकालावर या देशातले पोलिसांच्या बळवापराचे नियम उभे आहेत, तो ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटला कशावरून झाला? शार्लटमधल्या एका डायबेटिक माणसावरून. १९८४ मध्ये साखर उतरली म्हणून तो दुकानात संत्र्याचा रस घ्यायला गेला, रांग मोठी बघून घाईनं बाहेर पडला, एवढ्यावर पोलिसाला संशय आला. त्या झटापटीत पाय मोडला त्याचा. मित्रानं रस आणून दिला तर तोही पिऊ दिला नाही. हे मी काल पहिल्यांदा वाचलं आणि डोळ्यांसमोर बाबांची पुडीच आली. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेनं बघा, नंतरच्या शहाणपणानं नको. ठीक. पण त्याहून कडक नियम करायला शहराला कुणी अडवलंय? कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये जीवघेण्या बळासाठी ‘वाजवी’ शब्द पुरेसा नाही, ‘आवश्यक’च हवं, असा कायदा केलाच ना? एका शब्दासाठीच केला.

हो, इथे घरोघरी बंदुका आहेत, पोलिसाला क्षणात ठरवावं लागतं, मान्य. पिस्तूल रोखलेल्या माणसाशी बोलत बसा असं कुणीच म्हणत नाहीये. तो अपवाद स्पष्ट लिहा. पण नियम म्हणून आधी बोला, मागे सरा, आणि समोरच्याला भाषा कळत नसेल तर ते ओळखा. माझ्या बाबांसाठी जे केलं गेलं ते त्या पोराच्या चांगुलपणानं केलं. त्या दिवशी दुसरा कुणी ड्यूटीवर असता तर? हा प्रश्न गेले कित्येक महिने रात्री उठवतो मला.

त्या अधिकाऱ्याबद्दल मनात फक्त आभार आहेत. काल बैठकीत बोलायला मिळालेल्या तीन मिनिटांत मी त्याचीच गोष्ट सांगितली. तो करतो तसं सगळ्यांना करायला लावा, म्हटलं. घंटा वाजली, माइक बंद झाला.

बाबा मे महिन्यात पुन्हा येतायत. तिकीट काढलंय. तुमच्यापैकी कितीजणांचे आईबाबा उन्हाळ्यात येणार आहेत, मला माहीत आहे. पुढच्या बैठकीला माझ्याबरोबर चला. बोलायचं नसेल तर नुसते येऊन बसा. गाडीत चार जणांची जागा आहे, संध्याकाळी पाचला निघते.